हरणाला हाक मारायची पिपाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. जिथे आवाज वाजवून दाखवलाय तिथे कंसात लिहिलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की शनिवारी पहाटे हरणाच्या शिकारीला जातोय, म्हणून रेकॉर्डिंग लवकर उरकतो. त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका. निम्मे रागाचे होते. उरलेल्यांत एक प्रश्न सारखा सारखा होता, की हरीण आवाज काढून बोलावता येतं हे खरं का, आणि मोबाइलवर आवाज वाजवला तर येईल का? तर आज त्यावरच बोलतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनबद्दल. मी इथे मॅडिसनला सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इथे शिकारीचा परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो, कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारायच्या याचे टॅग असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं आमिष दाखवणं, हाकून आणणं, तसा प्रयत्न करणंसुद्धा येतं. त्यामुळे हे ऐकून कुणी तिकडे प्रयोग करू नका. प्लीज.

मी मूळचा चंद्रपूरचा. कॉल हा शब्द मला ताडोब्यात पहिल्यांदा कळला. गाइड जिप्सी थांबवतो, इंजिन बंद करायला लावतो, बोट वर करतो आणि हळूच म्हणतो, "कॉल चालू आहे." म्हणजे चितळ ओरडतंय, किंवा सांबर, किंवा झाडावरचं वानर. वाघ चालतोय, आणि जंगल एकमेकांना सांगतंय. आपण गप्प बसून ऐकायचं असतं. इथे येऊन कळलं की कॉल या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. इथे माणूस आवाज काढतो आणि हरीण ऐकतं.

आमच्या टीममध्ये एक सीनियर आहेत, पन्नाशीच्या पुढचे, इथलेच. आम्ही तीन-चार मराठी मुलं त्यांना आपापसात काका म्हणतो, इथेही तेच म्हणतो. मॅडिसनच्या पश्चिमेला ड्रिफ्टलेस म्हणतात तो डोंगराळ भाग आहे. हिमयुगातल्या बर्फाने तो सपाट केला नाही, म्हणून टेकड्या, दऱ्या, ओकची झाडी आणि मधेमधे मका-सोयाबीनची शेतं. तिथे काकांच्या घरची जमीन आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स मी रीतसर केला आणि मग त्यांनी मला बरोबर घ्यायला सुरुवात केली. शिकार धनुष्याने, म्हणजे कंपाउंड बो. त्यात हरीण वीस-पंचवीस पावलांवर यायला लागतं. बंदुकीसारखं लांबून नाही जमत. म्हणून हे कॉल लागतात.

इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. पळताना शेपटी वर करतं, ती पांढरी चमकते, म्हणून ते नाव. लोकांना वाटतं हरीण मुकं असतं. अजिबात नाही.

पहिली वस्तू ग्रंट ट्यूब. जत्रेतल्या पिपाणीची मोठी बहीण समजा. प्लास्टिकची नळी, आत पेटीच्या सुरासारखी एक पातळ पट्टी. फुंकर मारली की पट्टी थरथरते. पट्टीवरचं रबरी वेढं पुढे-मागे सरकवलं की आवाज तरण्या नराचा किंवा थोराड नराचा होतो.

(इथे ग्रंट ट्यूबचा आवाज, तीन वेळा)

डुकरासारखं वाटलं ना? मलाही. नर मादीच्या मागे लागतो तेव्हा चालता चालता असं तुटक तुटक घुरघुरतो. ऐकणाऱ्या दुसऱ्या नराला कळतं की इथे मादी आहे आणि कुणीतरी आधीच तिच्या मागे आहे.

दुसरा हा डबा. उलटा केला की ओरडतो. लहानपणी गाईचं असं खेळणं असायचं बघा.

(इथे डब्याचा आवाज, एकदा)

ही मादी. तिसरा प्रकार म्हणजे दोन शिंगं एकमेकांवर आपटायची, दोन नर झुंजतायत असा भास करायचा. त्याला रॅटलिंग म्हणतात. अजून एक फुत्कार असतो, मोठा नर समोरच्याला "चल, हो बाजूला" म्हणतो तसला. तो मला अजून नीट जमत नाही, त्यामुळे ऐकवत नाही.

आता मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, झालं, हा तर साधा हिशोब आहे. रिक्वेस्ट पाठवायची, रिस्पॉन्स येणार. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर काकांनी मला एका मचाणावर बसवलं, स्वतः दोनशे मीटरवर दुसऱ्या मचाणावर गेले. मी दर पाच मिनिटांनी नळी फुंकत होतो. घुर्र घुर्र. मग डबा. मग परत घुर्र. तीन तास. एक खार सोडून काही दिसलं नाही. एकदा मागे कुठेतरी जोरात शिंकल्यासारखा आवाज झाला आणि पालापाचोळा खसखसला, बस.

खाली उतरल्यावर काकांनी मला माझ्याच मचाणामागे नेलं. ओल्या मातीत ताजे खूर होते. हरीण लांबून वळसा घालून आलं होतं, माझ्याकडून वारा जिकडे वाहत होता बरोबर त्या बाजूला. माझा वास घेतला, फुत्कारलं आणि गेलं. ती शिंक म्हणजे तेच. काका म्हणाले, "तू बोलावलंस म्हणून ते आलं. पण कान जे सांगतो ते हरीण आधी नाकाला विचारतं."

नंतर मी वाचलं, नव्वदच्या दशकात टेक्सासच्या वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्युजमध्ये यावर पद्धतशीर अभ्यास झालाय. एक जण जमिनीवर लपून शिंगं वाजवायचा आणि दुसरा उंच मनोऱ्यावर बसून मोजायचा. 171 वेळा वाजवलं, 111 नर आले. जोरात वाजवलं तर हळू वाजवण्यापेक्षा कितीतरी जास्त आले. पण मजा पुढे आहे. आलेल्यांतले बहुतेक आधी दिसले ते वाजवणाऱ्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला. म्हणजे खाली बसलेल्या माणसाला त्यातले बरेच कधी कळलेच नसते. तो घरी जाऊन सांगणार, कॉल म्हणजे थापा. माझ्यासारखाच.

दुसरी चूक वेळेची. ऑक्टोबरच्या मध्यावर मादी माजावर नसते. इथल्या माद्या मुख्यतः नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माजावर येतात. लोक म्हणतात थंडी पडली की येतात, पण ते थंडीवर नाही, दिवस लहान होण्यावर ठरतं, म्हणून दरवर्षी साधारण त्याच तारखा. एक मादी जेमतेम एक दिवस तयार असते. तेव्हा गाभण राहिली नाही तर पुन्हा साधारण 28 दिवसांनी. गाभणकाळ दोनशे दिवसांच्या आसपास, म्हणजे पाडसं बरोबर मे अखेर, जूनमध्ये, हिरवं गवत असताना. उशिरा जन्मलेलं पाडस इथल्या हिवाळ्याआधी मोठं होऊ शकत नाही, म्हणून हे वेळापत्रक इतकं घट्ट आहे. त्या दोन आठवड्यांत नर खाणं विसरतात, दिवसाढवळ्या हिंडतात. तेव्हा नळी कामाला येते. इतर वेळी तुम्ही कितीही फुंका, तो मान वर करून बघतो आणि पुन्हा चरायला लागतो.

आणि तेव्हासुद्धा अंधारात बाण मारल्यासारखं फुंकायचं नाही. आधी हरीण दिसू दे. ते आपल्यापासून लांब चाललंय का? मग एकदा घुरघुर. थांबलं, कान वळवले, म्हणजे ऐकलं. नाही थांबलं तर जरा मोठ्याने. आणि एकदा का त्याने आपल्याकडे पाऊल टाकलं की तोंड बंद. काकांचं वाक्य आहे, जो येतोच आहे त्याला बोलवायचं नाही. कारण ते आवाजाची जागा भयंकर अचूक ओळखतं. परत फुंकलंत तर ते थेट तुमच्या डोळ्यांत बघतं आणि तिथे झाडावर एक चंद्रपूरचा मुलगा बसलेला असतो. मोबाइलवाल्यांनाही इथेच उत्तर देऊन टाकतो. आवाज म्हणून स्पीकर चालतो, पण अनेक राज्यांत हरणासाठी इलेक्ट्रॉनिक कॉलला बंदी आहे, आणि स्थलांतर करणाऱ्या बदकांसाठी तर देशभर आहे. फुंकायची नळी चालते. मला ते बरोबर वाटतं. स्वतःच्या श्वासाने काढायचा आवाज माणूस जरा जपून काढतो.

आता ज्यासाठी खरं तर हा भाग करावासा वाटला तिकडे येतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये धनुष्याचा हंगाम उघडला. नोव्हेंबरला दोन महिने बाकी, नर काही येणार नाहीत. पण माझ्याकडे मादीचा टॅग होता. दुकानात एक छोटी शिट्टी दिसली, पाडसाच्या आवाजाची. पाकिटावर लिहिलेलं, मादीला खेचून आणते. घेतली. काकांना विचारलं नाही. त्या दिवशी ते नव्हते, पण जमिनीवर जायची परवानगी होती, एकटाच गेलो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मक्याच्या कडेला बसलो आणि वाजवली. पाडसाला कुणीतरी धरलंय असा आवाज.

(इथे शिट्टीचा आवाज. हेडफोनवाल्यांनी आवाज कमी करा)

एक मिनिटसुद्धा झालं नसेल. मक्यातून एक मादी आली. आली म्हणजे चालत नाही, धावत आली. वारा बघितला नाही, वळसा घेतला नाही, मी वर सांगितलं त्यातलं काहीच केलं नाही. सरळ माझ्या झाडाखाली, दहा-बारा पावलांवर. कान पुढे, मान लांब, इकडे बघते, तिकडे बघते. पुढचा पाय आपटते. तिच्या मागे वीसेक पावलांवर तिची दोन पाडसं उभी होती. मोठी झालेली, अंगावरचे ठिपके जवळजवळ गेलेले. दोघंही सुखरूप, तिच्या नजरेच्या टप्प्यात. तरी ती तिसऱ्या कुणाला तरी शोधत होती.

मी धनुष्य ओढलं नाही. हे काही मोठं मन वगैरे नव्हतं, ते सांगून टाकतो. हात इतके थरथरत होते की ओढताच आलं नसतं. ती दोनेक मिनिटं शोधत राहिली, मग माझा वास लागला, फुत्कारली, आणि तिघंही पांढऱ्या शेपट्या वर करून गेली. मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो होतो.

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा 2014 चा एक शोधनिबंध सापडला, सुझन लिंगल आणि टोबियास रीड या शास्त्रज्ञांचा. त्यांनी कॅनडाच्या माळरानावर हरणांच्या माद्यांना स्पीकरवरून संकटात सापडलेल्या पिल्लांचे आवाज ऐकवले. हरणाच्याच नाही, वेगवेगळ्या प्राण्यांच्या. सील, मार्मोट, मांजर, वटवाघूळ, आणि माणसाचं बाळ. ज्यांची पट्टी पाडसाच्या आवाजाशी जुळत होती त्या आवाजांकडे माद्या आल्या. वटवाघळाच्या पिल्लाचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही इतका वरचा असतो, तो खाली आणून वाजवला तर त्यालाही आल्या. म्हणजे माणसाचं रडणारं तान्हं बाळ ऐकून हरणाची मादी मदतीला येते. मी ते वाचून लॅपटॉप बंद केला.

कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात एक सोयीस्कर समज होता, की कॉल म्हणजे हुशारीचा खेळ. त्याचं नाक, माझी नळी, बघू कोण जिंकतं. नराच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. तो संशय घेतो, वळसा घालतो, दहातल्या बहुतेक वेळा तोच जिंकतो. त्या मादीने संशय घेतलाच नाही. खेळायला ती आलीच नव्हती.

सोमवारी ऑफिसात काकांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "कायदेशीर आहे. सप्टेंबरात पाडसं चारा खायला लागलेली असतात, आई गेली तरी जगतात. हे खातंही सांगतं. पण मी ती शिट्टी वापरत नाही." का विचारलं तर खांदे उडवले. मग म्हणाले, "तुला माझ्याकडून कारण हवंय, म्हणजे नर फसवला तर चालतं असं तुला ऐकायचंय. तोही फसवलेलाच असतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आमच्या घरी मटण चालतं, त्यामुळे मारण्यावर तिचा आक्षेप नव्हता. तिने दोनच प्रश्न विचारले. ती परत गेली का? म्हटलं गेली. आणि पिल्लं बरोबर होती ना? म्हटलं होती. मग म्हणाली, जेवलास का.

रागाचे मेसेज पाठवणाऱ्यांना इथे थोडं सांगतो, पटेलच असं नाही. इथले लांडगे आणि प्यूमा माणसांनी एका काळात संपवत आणले. लांडगे परतलेत, पण मुख्यतः उत्तरेला. आमच्या बाजूला हरणं भरमसाट आहेत. अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांच्या वर गाड्या हरणांवर आदळतात असा अंदाज आहे. त्यात 2002 पासून विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडतोय. मेंदूचा रोग, औषध नाही, आणि आमचाच भाग त्याचा अड्डा आहे. शिकारीच्या बंदुका, काडतुसं, धनुष्यं यांच्यावरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा जातो, 1937 चा कायदा आहे तसा. हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीही मी मचाणावर बसतो तेव्हा माझ्या डोक्यात नसतं, हेही तेवढंच खरं.

त्याच वर्षी, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. पहाटे कडाक्याची थंडी, वारा वायव्येकडून, माझ्या मागे दरी, म्हणजे मागून वळसा घेऊन यायला जागा नाही. मचाण काकांनी मुद्दाम तिथे बांधलंय, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पावणेआठला एक नर दिसला, ऐंशी-नव्वद पावलांवर, मान खाली, उताराने लांब चाललेला. एकदा घुरघुर केली. काही नाही. जरा जोरात. थांबला. कान वळले. मी नळी जॅकेटमध्ये टाकली आणि धनुष्य हातात घेतलं. तो अर्धवर्तुळ करायला निघाला, पण दरीमुळे त्याला माझ्या समोरूनच जावं लागलं. अठरा पावलांवर, आडवा, पण चालत.

चालत्या हरणावर बाण सोडायचा नाही. नेम दोन बोटं मागे गेला तरी फुप्फुसाऐवजी पोटात बसतो, आणि मग ते जनावर तासन्‌तास तडफडतं. त्याला थांबवायचं असतं. थांबवायचा एकच मार्ग आहे, धनुष्य ओढलेलं, दोन्ही हात अडकलेले, तेव्हा तोंडाने आवाज काढायचा. "मॅ." छोटासा. मादी किंवा पाडसासारखा. हे मला काकांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि त्यावर मी कधी विचार केला नव्हता.

मी "मॅ" केलं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. बाण सोडला.

सत्तर-ऐंशी पावलं पळाला आणि पडल्याचा आवाज आला. तरी नियमाप्रमाणे अर्धा तास वर बसून राहिलो, कारण लगेच मागे गेलं आणि तो जिवंत असला तर अजून लांब पळतो. मग काका आले, आम्ही रक्ताच्या माग काढत गेलो. ओकच्या पानांत पडला होता. कापाकापी मला अजून नीट जमत नाही, त्यांनीच केली बरीचशी. तपासणीसाठी नमुना दिला, मांस फ्रीजरमध्ये ठेवलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत खाल्लं नाही. मग सावजी मसाल्यात केलं. या मांसाला चरबी अगदीच कमी, त्यामुळे मटणासारखं शिजवत ठेवलं तर चिवट होतं. कुकरच्या शिट्ट्या जपून.

जेवताना काकांना म्हटलं, ती सप्टेंबरची शिट्टी मी परत वाजवणार नाही म्हणालो, आणि परवा स्वतःच्या तोंडाने तोच आवाज काढला. ते रस्सा खात होते, नाक वाहत होतं तिखटाने. म्हणाले, "त्या आवाजाने तो आला नाही. थांबला." मी म्हटलं, त्याला त्याने काय फरक पडला? ते म्हणाले, "त्याला पडला. लवकर मेला."

मला अजून ठरवता आलेलं नाही की हे उत्तर आहे की पळवाट. ग्रंट ट्यूब बॅगेत आहे. डबा बॅगेत आहे. पाडसाची शिट्टी किचनच्या ड्रॉवरमध्ये पडलीये, आजच्या रेकॉर्डिंगसाठी काढली होती. ती वाजवल्यावर खालच्या मजल्यावरच्या शेजारीण दार वाजवून विचारून गेल्या, बाळ कुणाचं रडतंय. त्यांना काय सांगायचं सुचलं नाही. म्हटलं, व्हिडिओ होता.

चला, पुढच्या शनिवारी भेटू. प्रश्न पाठवत राहा, रागाचेसुद्धा.